ट्रॅक्टरचा हेडलाइट लागत नाही? बल्ब आणायला निघण्याआधी हे तपासा

दसरा झाला, सोयाबीन निघालं की आपल्याकडे ट्रॅक्टरची रात्रपाळी सुरू होते. थ्रेशर रात्री चालतं, हरभऱ्याची पेरणी रात्री चालते, आणि कापूस घरात येऊ लागला की भरलेली ट्रॉली घेऊन अंधारातच जिनिंगच्या दारात नंबर लावायला निघावं लागतं. हिंगणघाट असो, वणी असो की पांढरकवडा, हंगामात पहाटे रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरांची रांग दिसतेच. आणि नेमके याच दिवसांत हेडलाइट दगा देतात. कारण सरळ आहे. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कोणी ते लावून पाहिलेलेच नसतात. पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल, ऑगस्टची ओल, थ्रेशरचा भुसा, सगळं दिव्याच्या मागे जाऊन बसलेलं असतं. आपण एकदम एखाद्या रात्री स्विच फिरवतो आणि समोर अंधारच.

ज्यांनी आजवर बॉनेट फक्त पाणी आणि ऑइल पाहायला उघडलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वायरिंग म्हटलं की हात मागे घ्यायची सवय असते. पण हेडलाइटचं वायरिंग ट्रॅक्टरमधल्या सगळ्यांत सोप्या वायरिंगपैकी आहे. वर्ष-दोन वर्षांत ते तुमच्या हातात बसेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या ट्रॅक्टरचा डावा लाईट मिणमिणायला लागला. तालुक्याच्या गावी दुकानात नेला, बल्ब बदलून मिळाला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा नवा बल्ब. तिसऱ्या वेळी मला सांगण्यात आलं की पूर्ण वायरिंग बदलावं लागेल. कापूस भरलेला, भाव बरा होता, थांबायला वेळ नव्हता, आणि वायरिंगचा खर्च ऐकून छातीत धस्स झालं. चुलतभाऊ म्हणाला, एकदा त्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियन काकांना दाखवू. काकांनी बल्बला हातही लावला नाही. दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक वायर घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, दुसरा दिव्याच्या मागच्या काळ्या वायरीला. दिवा भक्कन पेटला. काका म्हणाले, "बल्बले काई नाई झालं बापा. करंट येऊन रायला, पण त्याले वापस जाले रस्ता नाई." मग त्यांनी दहा नंबरच्या पान्याने दिव्यामागचा एक बोल्ट काढला. त्याखाली वाळलेली माती आणि तांबूस गंज. काच कागदाने घासला, परत आवळला, झालं. वीस मिनिटांचं काम.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे आणि तीच तुम्हाला द्यायची आहे: दिव्याला करंट पोचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो परत बॅटरीला जाणं महत्त्वाचं. आपण सगळे जायची वाट तपासतो आणि यायची वाट विसरतो. काळ्या मातीच्या भागात बिघाड बहुतेक वेळा यायच्या वाटेवर सापडतो.

करंटची वाट आधी डोळ्यांसमोर आणा

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड लाल वायर निघते. ती मेन फ्यूजमधून चावीच्या स्विचपर्यंत जाते, तिथून लाईटच्या स्विचकडे, तिथून हेडलाइटच्या फ्यूजकडे, मग अप्पर-डिप्परच्या स्विचकडे. काही ट्रॅक्टरांत फ्यूज आधी आणि स्विच नंतर असतो, नव्या गाड्यांत मध्ये रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) असते, पण साखळी हीच. अप्पर-डिप्परपासून दोन वायरी निघतात, एक अप्परची आणि एक डिप्परची, आणि दोन्ही दिव्यांच्या कपलरमध्ये, म्हणजे बल्बच्या पिनांवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात, जातात. बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिप्परची. दोन्हींचं दुसरं टोक एकच. त्या एका टोकातून काळी वायर निघते आणि जवळच्याच एखाद्या बोल्टवर ट्रॅक्टरच्या पत्र्याला किंवा चेसिसला जोडलेली असते. तिथून करंट लोखंडातून वाहत बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परत जातो. त्यालाच मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात.

शोध घ्यायचा म्हणजे या साखळीत करंट कुठपर्यंत येतो आणि कुठे अडतो एवढंच पाहायचं.

लागणारं सामान

टेस्ट लॅम्प घरीच करा. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन हातभर वायरी, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला बोथट केलेला खिळा. हा टेस्ट लॅम्प माझ्या मते मल्टिमीटरपेक्षाही नवख्या माणसाला उपयोगी आहे, का ते पुढे येईल. साधा डिजिटल मल्टिमीटर सोबत असेल तर उत्तमच. त्याशिवाय दहा आणि तेरा नंबरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, काच कागद, जुना दात घासायचा ब्रश, काळी टेप, थोडं व्हॅसलीन, दोन्ही टोकांना चिमटे असलेली दोन-अडीच मीटर वायर, आणि ट्रॅक्टरला लागतात त्या आकड्यांचे चार फ्यूज.

काम सुरू करण्याआधी इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. हातातलं कडं, बोटातली अंगठी काढून ठेवा. पाना एकाच वेळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि लोखंडाला टेकला की क्षणात लाल होतो. मध्ये अंगठी असेल तर बोट भाजतं. गळ्यात दुपट्टा असेल तर तोही काढा, कारण नंतर इंजिन चालू करून फॅनबेल्टजवळ वाकायचं आहे. बॅटरीजवळ बिडी-काडी नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. आणि ट्रॉलीत कापूस असेल तर आधी ट्रॉली सोडून ट्रॅक्टर लांब घ्या. एक ठिणगी पुरते.

लक्षण नीट पाहा

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं फक्त पाहा. एका माणसाला समोर उभं करा आणि तुम्ही सीटवर बसून अप्पर लावा, डिप्पर लावा, हॉर्न वाजवा, इंडिकेटर लावा. यातून निम्मं काम होतं.

एकाच बाजूचा दिवा जात असेल तर बॅटरी, चावी आणि लाईटचा स्विच बहुधा चांगले आहेत, कारण ते दोन्ही दिव्यांना एकच असतात. बिघाड त्या दिव्याच्या बल्ब, कपलर किंवा अर्थमध्ये शोधा. काही ट्रॅक्टरांत डाव्या-उजव्याला वेगळा फ्यूज असतो, तोही पाहा. दोन्ही दिवे एकदम गेले असतील तर उलट: फ्यूज, स्विच, रिले. दोन्ही बाजूंचा फक्त डिप्पर जात असेल आणि अप्पर लागत असेल तर बोट अप्पर-डिप्परच्या स्विचकडे जातं, किंवा मागच्या महिन्यात एका बाजूचा डिप्पर जळला होता, तुम्ही लक्ष दिलं नाही, आणि आता दुसऱ्याचाही गेला.

एक लक्षण खास लक्षात ठेवा, कारण ते पाहून भले भले गोंधळतात. डिप्पर लावला तर एका दिव्यात अप्पर आणि डिप्पर दोन्ही तारा मंद तांबूस जळतात, आणि मीटरवरचा अप्परचा निळा दिवाही हलका लागतो. किंवा हेडलाइट लावला की इंडिकेटर विचित्र लुकलुकतो. हे भूत नाही. त्या दिव्याचा अर्थ तुटला आहे. परतीचा रस्ता मिळत नाही म्हणून करंट बल्बच्या दुसऱ्या तारेतून उलटा शिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून लोखंडापर्यंत पोचतो. असं दिसलं की सरळ काळ्या वायरीकडे जा, मधलं काही तपासत बसू नका.

बॅटरी

सेल्फ दमदार फिरतो का? हॉर्न नेहमीसारखा वाजतो का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर बॅटरीवर फार वेळ घालवू नका. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर ती साफ करा. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ब्रशने धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून आधी पॉझिटिव्ह लावा, शेवटी निगेटिव्ह. वरून व्हॅसलीनचा पातळ हात. निगेटिव्हची जाड वायर जिथे चेसिसला किंवा इंजिनला बोल्टने आवळलेली आहे, ते टोकही हाताने हलवून पाहा. ते ढिलं असेल तर पूर्ण ट्रॅक्टरची परतीची वाट अरुंद होते.

फ्यूज

फ्यूजचा डबा बहुधा डॅशबोर्डखाली किंवा बॅटरीजवळ असतो. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. फ्यूज फक्त डोळ्यांनी पाहून चांगला ठरवू नका, बारीक चीर दिसत नाही. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, चावी आणि लाईट चालू करा, आणि खिळा फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांना आळीपाळीने लावा. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर उडाला. कुठेच लागला नाही तर करंट फ्यूजपर्यंत येतच नाही, म्हणजे बिघाड त्याच्या मागे, स्विचकडे आहे. जुन्या ट्रॅक्टरांत काचेचे किंवा चिनीमातीचे फ्यूज असतात. ते उडण्यापेक्षा त्यांच्या पकडीला गंज चढणं जास्त घडतं, म्हणून पकड घासून थोडी दाबून घ्या.

उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा नवा लावा. तो लगेच उडाला तर दुसरा लावू नका, मोठा लावू नका, आणि वायरीचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी तर कधीच लावू नका. फ्यूज जळतो म्हणून वायर वाचते. फ्यूज अडवला की वायर जळते, आणि ती डिझेलच्या पाइपाशेजारून गेलेली असते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर काय करायचं ते शॉर्टच्या भागात सांगतो.

बल्ब

आता बल्ब काढा. तीन चपट्या पिनांचा एच४ बल्ब असेल तर त्याच्या बुडावर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे अप्पर ६० आणि डिप्पर ५५. जुन्या ट्रॅक्टरात कमी वॅटचे बल्बही असतात. तार तुटलेली डोळ्यांना दिसते, काच आतून काळी किंवा दुधाळ झाली असेल तरी बल्ब गेला समजा. शंका असेल तर डाव्याचा बल्ब उजवीकडे लावा. बिघाड बल्बासोबत उजवीकडे गेला तर बल्बचा दोष, डावीकडेच राहिला तर वायरीचा. या अदलाबदलीला एक पैसा लागत नाही.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेला चिकटतं, तापल्यावर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो. लागलंच बोट तर स्वच्छ फडक्याला स्पिरिट लावून पुसा. बल्ब बसवताना त्याची तीन कानं खाचेत नीट बसली पाहिजेत, उलटा-तिरपा बसला तर उजेड झाडाच्या शेंड्यावर पडतो.

दोन्ही बल्ब एकाच रात्री उडाले असतील तर नवे लावण्याआधी थांबा. इंजिन चालू करून, थोडा अॅक्सिलरेटर देऊन बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला आहे, तो आधी दुरुस्त करा, नाहीतर नवे बल्बही जळतील आणि बॅटरीही उकळेल.

कपलरपर्यंत करंट येतो का

बल्बवरचा कपलर ओढून काढा. आत पाहा: पिन काळी पडली आहे का, प्लॅस्टिक वितळून पिवळं झालं आहे का, पिन मागे सरकली आहे का. टेस्ट लॅम्पचा चिमटा अजूनही बॅटरीच्या निगेटिव्हलाच ठेवा, मध्ये कुठल्या पत्र्याला नको. लाईट चालू करून खिळा एकेका पिनेला लावा. डिप्परवर एक पिन लागेल, अप्परवर दुसरी. टेस्ट लॅम्प झगझगीत लागला तर जायची वाट स्वच्छ आहे. मंद लागला तर वाटेत कुठेतरी जोड कच्चा आहे.

वायरीच्या मध्येच पाहायचं म्हणून सुई टोचू नका. टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथेच तांबं हिरवं होऊन तुटतं. कपलरच्या मागच्या बाजूने पिनेपर्यंत खिळा नेता येतो.

परतीची वाट

आता खरं काम. टेस्ट लॅम्पचा चिमटा काढून बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, आणि खिळा कपलरमधल्या तिसऱ्या, म्हणजे काळ्या वायरीच्या पिनेला. दिवा झगझगीत लागायला हवा. मंद लागला, किंवा लागलाच नाही, तर चोर सापडला.

इथे मल्टिमीटर वापरणारे फसतात. ते बल्ब काढून पिनेवर मीटर लावतात, बारा व्होल्ट दिसतात, आणि म्हणतात वायर चांगली आहे. मीटर करंट जवळपास घेतच नाही. मोटारीच्या पाइपात कुठे कचरा अडकला असला तरी दुसऱ्या टोकाला अंगठा दाबून धरला तर प्रेशर पूर्ण लागतं. अंगठा काढला, वावरात पाणी सोडलं, की धारेऐवजी नुसतं ठिबकतं. गंजलेल्या जोडाचंही तसंच. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट मागतो. जोडात अर्धा ओहम जरी अडथळा असला तरी बारापैकी जवळपास दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि बल्बला दहा मिळाले की उजेड जवळपास निम्म्यावर येतो. तोच जोड मीटरच्या बझरवर तपासला तर टीं वाजतं आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून मी म्हटलं की टेस्ट लॅम्प बरा. तो स्वतः करंट ओढून दाखवतो.

मल्टिमीटरने करायचंच असेल तर असं करा. बल्ब लावलेला, कपलर जोडलेला, हेडलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, म्हणजे खुद्द शिशाच्या खांबाला, क्लॅम्पला नाही. लाल टोक कपलरच्या मागून काळ्या वायरीच्या पिनेला. मीटर जवळपास शून्य दाखवायला हवा. ०.१-०.२ पर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेत वाया जात आहेत. आता लाल टोक तिथून काढून काळ्या वायरीच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबलेली, बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावा, मग थिंबलच्या बोल्टवर, मग शेजारच्या खरवडलेल्या लोखंडावर, मग इंजिनच्या ब्लॉकवर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा धाडकन उतरला, बिघाड त्या दोघांच्या मध्ये आहे. ही एकच तपासणी शिकलात तरी आयुष्यभर कामी येईल.

दुरुस्ती सोपी आहे. बोल्ट काढा, थिंबल काढा, दोन्ही बाजू आणि खालचं लोखंड काच कागदाने चांदीसारखं चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर अर्थ लागत नाही. ट्रॅक्टरला नवा रंग मारला आणि दिवे गेले, असं होतं ते त्यामुळेच. थिंबलमध्ये वायरीचे धागे हिरवे-काळे पडले असतील तर तेवढा भाग कापून नवं थिंबल दाबा. घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. आधी आवळायचं, मग ग्रीस, हा क्रम उलटा नको. बॉनेटचा पुढचा पत्रा बिजागरीवर उघडतो अशा ट्रॅक्टरात दिव्यांचा अर्थ कधी त्या बिजागरीतूनच जातो. तिथे मी एक वेगळी काळी वायर थेट चेसिसच्या बोल्टपर्यंत टाकतो आणि तो प्रश्न कायमचा मिटवतो.

स्विच, रिले आणि उंदीर

करंट कपलरपर्यंत येतच नसेल तर मागे मागे चला. लाईटच्या स्विचच्या मागे येणारी वायर आणि जाणारी वायर, दोन्हींवर टेस्ट लॅम्प लावा. येणाऱ्यावर लागतो, जाणाऱ्यावर नाही, म्हणजे स्विच गेला. दहा मिनिटं लाईट चालू ठेवून स्विचला बोटाची मागची बाजू लावा. चटका बसत असेल तर आतले कॉन्टॅक्ट जळत आले आहेत. स्विच दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, बदला.

रिले असेल तर स्विच फिरवताना बोट तिच्यावर ठेवा, टिक जाणवायला हवी. चार पिनांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ मध्ये आतलं कॉइल, ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून दिव्याला जातो. टिक वाजते पण ८७ वर करंट नाही, तर रिले बदला. तपासायला हॉर्नची तशीच रिले काढून लावून पाहता येते, पिनांची मांडणी सारखी आहे याची खात्री करून.

ट्रॅक्टर गोठ्याशेजारी किंवा सरकी-ढेपेच्या कोठीजवळ उभा राहत असेल तर वायरिंगवर हात फिरवून पाहा. उंदीर वायरीचं प्लॅस्टिक कुरतडतात आणि तांबं उघडं ठेवतात. बॅटरीच्या खाली आणि डॅशबोर्डच्या आत लेंड्या, कापसाचे पुंजके दिसले की शोध तिथूनच सुरू करा. तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. धागे एकमेकांत घालून, पिळून, झाळून मग टेप लावा. झाळणं जमत नसेल तर दाबायचा जोड वापरा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो

म्हणजे कुठेतरी लाल वायर लोखंडाला टेकते आहे. फ्यूज जाळत बसू नका. दोन्ही बल्बचे कपलर काढून ठेवा. हेडलाइटचा फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये टेस्ट लॅम्पची दोन टोकं लावा. लाईट चालू करा. बल्ब काढलेले आहेत, म्हणजे टेस्ट लॅम्प लागायला नको. तो लागला तर शॉर्ट आहे. आता कोणाला टेस्ट लॅम्पकडे पाहायला सांगा आणि तुम्ही वायरिंगचा जुडगा बॅटरीपासून दिव्यांपर्यंत वीतभर वीतभर हलवत चला. ज्या जागी हात लावल्यावर टेस्ट लॅम्प विझला किंवा लुकलुकला, तिथे वायर सोलली आहे. बहुतेकदा रेडिएटरच्या पत्र्याची धार, स्टेअरिंग कॉलमचं वळण, किंवा जिथे कोणीतरी तारेने वायरी आवळून बांधल्या ती जागा. एखाद्या ट्रॅक्टरात मीटरचा निळा दिवा याच फ्यूजवर असतो, त्यामुळे अप्परवर टेस्ट लॅम्प अगदी मंद लागू शकतो. तो शॉर्ट नव्हे.

मोठ्या वॅटच्या बल्बबद्दल

उजेड कमी पडतो म्हणून १००/९० वॅटचा बल्ब लावायची आपल्याकडे फार हौस. दोन ६० वॅटचे बल्ब मिळून १० अँपिअर घेतात, दोन १०० वॅटचे जवळपास १७. वायर, स्विच आणि होल्डर दहाच्या हिशेबाने दिलेले असतात. ते तापतात, कपलर वितळतो, वायर कडक होऊन तडकते, आणि गंमत म्हणजे वायरीत व्होल्ट पडल्यामुळे उजेडही अपेक्षेइतका वाढत नाही. माझा सल्ला ठाम आहे: आहे तोच बल्ब ठेवा, अर्थ स्वच्छ करा, काचेमागचा आरसा काळवंडला असेल तर दिवाच बदला, आणि करंट बॅटरीपासून रिलेमार्गे जाड वायरीने द्या, बॅटरीजवळ फ्यूज टाकून. बल्बला मिळणारा व्होल्ट दहा टक्के कमी असेल तर उजेड तीस टक्के कमी असतो. तो दहा टक्के परत मिळवा, फरक पहिल्याच रात्री दिसेल. हॅलोजनच्या दिव्यात घुसवायचे पांढरे एलईडी बल्बही मी लावत नाही. त्या आरशाची घडण हॅलोजनच्या तारेसाठी असते. उजेड विखुरतो आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात.

रस्त्यातच गेला तर

मोबाइलच्या उजेडात पुढे जाऊ नका. नागपूर-हैदराबाद महामार्गावर तर अजिबात नाही. तिथे मागून येणाऱ्या ट्रकला तुमची ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. रस्त्यावरून पूर्ण खाली उतरा, इंडिकेटर लावून ठेवा, मागे बरंच अंतर सोडून त्रिकोण ठेवा. मग फ्यूज पाहा, कपलर काढून परत दाबा, आणि दोन्ही टोकांना चिमटे असलेली ती वायर काढून काळ्या वायरीला थेट बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडून पाहा. लागला तर वायर फॅनपासून दूर बांधून घ्या आणि हळू घरी या. नाही लागला तर उजाडेपर्यंत थांबा.

दिवे लागल्यावर एक काम राहतं

संध्याकाळी ट्रॅक्टर सपाट जागी, पांढऱ्या भिंतीपासून दहा मीटरवर उभा करा. चाकांत हवा बरोबर हवी, आणि ट्रॉली भरून जायचं असेल तर ती जोडूनच पाहा, कारण वजनाने मागचा भाग दबतो, तोंड वर होतं आणि उजेडही वर जातो. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली यायला हवी. दिव्याच्या चौकटीवरचे स्क्रू थोडे थोडे फिरवून बसवा.

मग ट्रॉलीची सात पिनांची सॉकेट जोडा, मुलाला मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. तो "लागला" म्हणाला की डावा इंडिकेटर, मग उजवा. ट्रॉलीला मागे लाल आणि बाजूंना पिवळी रिफ्लेक्टरची पट्टी आहे ना, तिच्यावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा. कापूस भरून ताडपत्री बांधली की तिचं टोक मागे लोंबतं आणि नेमकं लाल दिव्यावर येतं. ते वर खोचून दोरीने आवळा, आणि मग निघा.